साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत ड्राय लेड हाताळताना नेमकी कोणती काळजी घ्यावी?

हातकणंगले_केमिस्ट (प्रश्न)

नमस्कार. मी रसायनशास्त्राची पदवीधर असून कोल्हापूर जिल्ह्यातील एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत या गळीत हंगामापासून शिफ्ट केमिस्ट म्हणून काम पाहते. प्रायमरी ज्यूस, मिक्स ज्यूस, लास्ट मिल ज्यूस अशा गाळपाच्या वेगवेगळ्या टप्प्यांवरील रसांचे नमुने ठरावीक वेळाने येतात. त्यांचा ब्रिक्स (विरघळलेल्या घन पदार्थांचे प्रमाण) घेतल्यावर पोल (प्रकाशाच्या वलनावरून मोजलेले साखरेचे प्रमाण) काढण्यासाठी रसात ड्राय लेड, म्हणजे लेड सबॲसिटेटची पांढरी पावडर टाकून हलवायचे, गाळायचे आणि निवळ रस पोलरीमीटरच्या नळीत भरून वाचन घ्यायचे, असा आमचा नित्यक्रम आहे. ही पावडर रुंद तोंडाच्या बरणीत उघडी असते आणि तिच्यात स्टीलचा चमचा कायमचा रोवलेला असतो. प्रमाण अंदाजानेच घेतले जाते. बरणीच्या बुडाभोवती टेबलावर पांढरे वर्तुळ उमटलेले असते, पोलरीमीटरच्या झाकणावर त्याच पांढऱ्या बोटांचे ठसे दिसतात, आणि वरचा पंखा बॉयलिंग हाऊसकडून (जेथे रस उकळून साखर करतात) येणाऱ्या उष्म्यामुळे कोणी बंद करू देत नाही.

वापरलेले गाळणकागद कचऱ्याच्या डब्यात जातात, गाळलेला रस बेसिनमध्ये ओतला जातो. चहाही त्याच खोलीत होतो, आणि चहाच्या साखरेचा डबा नमुन्यांच्या कपाटात असतो. शिसे विषारी आहे हे पाठ्यपुस्तकात सर्वांनीच वाचलेले आहे, परंतु रोज इतक्या थोड्या प्रमाणात हाताळताना धोका नेमका कोणत्या वाटेने येतो, हे मला कोणी नीट सांगितलेले नाही. सहकाऱ्यांच्या मते तोंडाला रुमाल बांधला की पुरे. माझे मूल अजून अंगावर पिते, त्यामुळे ही शंका मला अधिक छळते. मुखपट्टी, हातमोजे, कचऱ्याची विल्हेवाट आणि शक्य असल्यास पावडरला पर्याय यांविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

निवृत्त_चीफ_केमिस्ट

ताई, प्रश्न नेमका मांडलात. माझी सारी नोकरी साखर कारखान्यांच्या प्रयोगशाळांत गेली, त्यामुळे आपण केलेले वर्णन मला डोळ्यांसमोर दिसते.

आधी पदार्थाविषयी सांगतो. लेड सबॲसिटेटच्या वजनाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग निव्वळ शिशाचा असतो. १०० मिली रसाला सर्वसाधारणपणे एक-दीड ग्रॅम पावडर लागते, म्हणजे प्रत्येक नमुन्यामागे आपण सुमारे एक ग्रॅम शिसे उघड्या टेबलावर हाताळत असता. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने हवेतील अजैविक शिशासाठी ठरवलेली आठ तासांची मर्यादा घनमीटरला ०.१५ मिलिग्रॅम होती. चमचाभर पावडर आणि ही मर्यादा शेजारी ठेवून पाहिली, तर पंख्याखाली बरणी उघडी ठेवणे किती अडाणीपणाचे आहे ते वेगळे सांगायला नको. पावडर काढताना पंखा बंद असलाच पाहिजे. उष्मा असह्य होत असेल तर पावडर हाताळण्याची जागा बदलावी. फ्यूम हूड (हवा बाहेर ओढून घेणारे बंदिस्त कपाट) असेल तर त्यात, नसेल तर वारा न येणाऱ्या कोपऱ्यात ओल्या कापडाने पुसता येईल असा ट्रे ठेवून तेथेच हे काम करावे.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते, कारण ती चीफ केमिस्टना पटवून देणे सोपे आहे. प्रयोगशाळांत एक सवय फार जुनी आहे: रस काळपट असला किंवा गाळण हळू होऊ लागले की आणखी अर्धा चमचा टाकायचा. जास्तीचे शिसे रसातील फ्रुक्टोजशी संयोग पावते, त्यामुळे फ्रुक्टोजमुळे प्रकाशाचे डावीकडे होणारे वलन कमी होते आणि पोलचे वाचन खऱ्यापेक्षा वर जाते. मग प्युरिटी (ब्रिक्समधील पोलचा वाटा) चांगली दिसते, परंतु पोत्यांत भरलेल्या साखरेशी हिशेब जुळत नाही आणि तो फरक ‘अज्ञात घट’ या रकान्यात जाऊन बसतो. ऊस शिळा किंवा जळका असेल तर फ्रुक्टोजचे प्रमाण आधीच वाढलेले असते, त्या वेळी ही चूक आणखी मोठी होते. तेव्हा अंदाजाचा चमचा काढून टाकून ठरावीक मापाची छोटी डबी ठेवणे हे आरोग्याच्या आणि आकड्यांच्या अशा दोन्ही बाजूंनी हिताचे आहे. रस निवळण्यापुरतीच पावडर टाकावी, त्याहून कणभरही अधिक नको.

पावडरऐवजी द्रावण वापरता येईल का, हा प्रश्न आपल्या मनात येईल. पूर्वी द्रावणच वापरत असत. १०० आणि ११० मिली अशा दोन खुणांच्या फ्लास्कमध्ये पहिल्या खुणेपर्यंत रस, मग लेडचे द्रावण, मग दुसऱ्या खुणेपर्यंत पाणी असा तो प्रकार होता. त्यात साका (खाली बसणारा अविद्राव्य पदार्थ) स्वतःच फ्लास्कमधील काही जागा व्यापतो आणि वाचन किंचित वाढते. ही त्रुटी टाळण्यासाठी विसाव्या शतकाच्या आरंभी हॉर्न यांनी कोरड्या पावडरीची पद्धत पुढे आणली आणि ती सोयीची असल्याने जगभर रुजली. सोय झाली आणि धूळही आली. दैनंदिन नियंत्रणाच्या नमुन्यांसाठी द्रावणाकडे परत जाणे शक्य आहे, मात्र ते उकळून गार केलेल्या ऊर्ध्वपातित पाण्यात करावे लागते आणि बाटली घट्ट बंद ठेवावी लागते, नाहीतर हवेतील कार्बन डायऑक्साइडमुळे पांढरा लेड कार्बोनेट खाली बसतो.

खरा पर्याय म्हणजे शिसे पूर्णपणे काढून टाकणे. ॲल्युमिनियमचा क्षार, चुना आणि पॉलिमर यांवर आधारित निवळण्याच्या पावडरी बाजारात मिळतात. त्यांनी रस बऱ्यापैकी निवळतो. दुसरा मार्ग नियर इन्फ्रारेड पोलरीमीटरचा. सोडियमच्या पिवळ्या प्रकाशाऐवजी, म्हणजे ५८९ नॅनोमीटरऐवजी, सुमारे ८८० नॅनोमीटरचा प्रकाश वापरल्यास रसाचा रंग फारसा आड येत नाही आणि फिल्टर एड (गाळणे सोपे करणारी पावडर) घालून नुसते गाळले तरी वाचन घेता येते. गढूळपणा मात्र त्याही यंत्राला चालत नाही. फिल्टर एड म्हणून वापरल्या जाणाऱ्या भाजलेल्या डायटोमाइट पावडरीत स्फटिकरूप सिलिका असते, म्हणून शिसे गेले तरी मुखपट्टी जात नाही, हेही ध्यानात असू द्यावे. पद्धत बदलण्यापूर्वी काही काळ दोन्ही पद्धतींनी समांतर वाचने घेऊन फरक नोंदवावा. पुण्याजवळील मांजरी या गावातील वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट या साखर संशोधन संस्थेकडे याबाबत विचारणा करण्यास हरकत नाही.

शेवटी साखरेच्या डब्याविषयी. शिशाचे ॲसिटेट क्षार पांढरे असतात आणि चवीला गोडसर लागतात. साखर कारखान्याच्या कपाटात असा पदार्थ साखरेशेजारी ठेवणे हे मी माझ्या अधिकारात एक पाळीही चालू दिले नसते. तो डबा उद्याच बाहेर काढा.

ऊसपट्टा_७२

वरील दोन्ही मजकूर वाचले. मी स्वतः लॅब असिस्टंट म्हणून अनेक हंगाम काढले आहेत आणि आमच्यापैकी कोणाला शिशाने काही झाल्याचे माझ्या पाहण्यात नाही. हंगाम चार-पाच महिन्यांचा, पावडर चमचाभर. सुट्टीच्या काळात शरीर आपोआप स्वच्छ होत असणार. पूर्वी तर तोंडाने पिपेट ओढत असत. उगाच नवीन माणसांना घाबरवून सोडू नये, असे मला वाटते. कामाची पाळी संपल्यावर आम्ही गुळाचा खडा खातो, त्याने घशातली धूळ उतरते, हा जुन्या लोकांचा अनुभव आहे.

डॉक्टर_राजारामपुरी

मी वैद्यकीय व्यवसायात आहे आणि धातुकाम, बॅटरी, रंगकाम या क्षेत्रांतील कामगार तपासणीसाठी माझ्याकडे येत असतात. ऊसपट्टा यांच्या अनुभवाचा आदर ठेवून काही बाबी स्पष्ट करतो.

‘काही झाले नाही’ असे म्हणण्यासाठी रक्तातील शिसे मोजलेले असावे लागते. शिशाची विषबाधा सुरुवातीला ज्या रूपाने दिसते ती रूपे इतकी सामान्य आहेत, की त्यांचा संबंध पांढऱ्या पावडरीशी कोणी जोडत नाही: थकवा, डोकेदुखी, चिडचिड, बद्धकोष्ठता, अधूनमधून पोटात कळ, रक्त कमी होणे. हंगामात रात्रपाळी करणाऱ्या माणसाला यांपैकी निम्म्या तक्रारी असतातच. हिरड्यांवरची निळसर रेघ किंवा मनगट लुळे पडणे ही पुस्तकातील लक्षणे दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. रक्तदाब वाढणे आणि मूत्रपिंडाचे नुकसान हे परिणाम तर वर्षांनी समोर येतात.

सुट्टीत शरीर स्वच्छ होते, हे अर्धेच खरे आहे. रक्तातील शिसे साधारण महिन्याभरात निम्मे होते. पण ते सगळे शरीराबाहेर जात नाही, बराच भाग हाडांत जाऊन बसतो. प्रौढ माणसाच्या शरीरातील नव्वद टक्क्यांहून अधिक शिसे हाडांत असते आणि तेथून निघायला अनेक वर्षे, कधी दशके लागतात. प्रत्येक हंगाम त्या साठ्यात भर घालतो. गरोदरपणात आणि स्तनपानाच्या काळात हाडांतील कॅल्शियम वापरले जाते तेव्हा त्याच्याबरोबर हा साठाही रक्तात उतरतो, आणि गर्भापर्यंत पोहोचण्यास वार (प्लॅसेंटा) त्याला अडवत नाही.

शिसे शरीरात शिरते कसे, हा मूळ प्रश्न होता. अखंड त्वचेतून हा क्षार फारसा आत जात नाही. तो श्वासातून जातो आणि, प्रयोगशाळेत याहून अधिक, हातातून तोंडात जातो. पोल रजिस्टर भरताना पेनचे टोपण दातात धरणे, तंबाखू मळणे, मिशीवरून हात फिरवणे, त्याच बोटांनी चहाची कपबशी उचलणे, या त्याच्या वाटा आहेत. पोटात गेलेल्या शिशापैकी प्रौढ माणूस सुमारे दहा टक्के शोषून घेतो. उपाशीपोटी हे प्रमाण कितीतरी वाढते, आणि लहान मुलांत ते पन्नास टक्क्यांच्या आसपास असते. म्हणून पहाटेच्या पाळीला काहीही न खाता येऊ नये. आहारात कॅल्शियम आणि लोह पुरेसे असले तर शोषण कमी होते, एवढा आहाराचा उपयोग नक्की आहे. गूळ खाल्ल्याने धूळ उतरते हा समज आपल्या जिल्ह्यात पक्का रुजला आहे. शिशावर गूळ उतारा नाही, आणि न धुतलेल्या हाताने खाल्लेला खडा शिसे पोटात पोहोचवतो.

ताई, आपल्यासाठी दोन गोष्टी. शिरेतून घेतलेल्या रक्तातील शिशाची तपासणी करून घ्या. बोटाला टोचून घेतलेला नमुना नको, कारण त्वचेवरची पावडर त्यात मिसळून आकडा फुगू शकतो. नमुना शिसेमुक्त नळीत घ्यावा लागतो, हे तपासणी केंद्राला आधीच सांगावे. एक तपासणी आता आणि एक हंगाम संपताना केली, तर कामाचा हिस्सा किती ते कळते. मुलांच्या बाबतीत सुरक्षित अशी पातळी आढळलेली नाही. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने २०२१ मध्ये लहान मुलांसाठीचे संदर्भमूल्य डेसिलिटरला ५ वरून ३.५ मायक्रोग्रॅमवर आणले, यावरून अंदाज यावा. अंगावर पाजणे मात्र आपल्या मनाने बंद करू नका. बहुतेक वेळा ते चालू ठेवता येते आणि तो निर्णय आकडा पाहूनच घ्यायचा असतो. त्याहून तातडीचे काम म्हणजे पाळी संपल्यावर कारखान्यातच कपडे आणि चपला बदलणे, तोंड-हात साबणाने धुणे, शक्य असल्यास आंघोळ करणे आणि मगच मुलाला जवळ घेणे. ते कपडे घरच्या धुण्यात मिसळू नयेत. सॅनिटायझरने शिसे निघत नाही, ते हातावर नुसते पसरते.

रुमालाचा काही उपयोग नाही. इतकी बारीक पावडर कापडाच्या विणीतून सहज आत येते आणि रुमालातच साठते. चेहऱ्याला नीट बसणारी एफएफपी२ किंवा एन९५ दर्जाची मुखपट्टी आणि नायट्राइलचे हातमोजे वापरावेत. परंतु ते हातमोजे घालून रजिस्टर, फोन किंवा दाराची कडी हाताळली तर साऱ्या खोलीभर शिसे पसरते. डोळ्यात पावडर गेल्यास भरपूर पाण्याने किमान पंधरा मिनिटे डोळा धुऊन मगच डॉक्टरांकडे जावे.

शरीरातील शिसे बाहेर काढणारी औषधे आहेत, पण ती आकडा आणि लक्षणे पाहून, संपर्क थांबवल्यावरच द्यायची असतात. खबरदारी म्हणून ती कोणी घेऊ नयेत. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमातील अधिसूचित आजारांच्या यादीत शिशाच्या विषबाधेचे नाव पहिल्या क्रमांकावर होते आणि असा रुग्ण आढळल्यास डॉक्टरने कळवणे त्या कायद्याने बंधनकारक केले होते. तेव्हा ही काळजी कोणाची वैयक्तिक भीती समजू नये.

सांडपाणी_अभियंता

विल्हेवाटीचा भाग राहिला आहे, त्यावर लिहितो. गोकुळ शिरगाव आणि शिरोळ परिसरातील उद्योगांच्या सांडपाण्याचे काम मी पाहतो.

बेसिनमध्ये ओतलेला गाळलेला रस कारखान्याच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रात जातो. साखर कारखान्याचे हे केंद्र सेंद्रिय भार कमी करण्यासाठी बांधलेले असते. शिसे तेथे नाहीसे होत नाही. त्यातील काही गाळात बसते आणि गाळ खत म्हणून शेतात जातो, उरलेले पाण्याबरोबर पुढे जाते. नदी-नाल्यात सोडण्याच्या पाण्यासाठी शिशाची मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम आहे, आणि पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकानुसार ०.०१ मिलिग्रॅम. पंचगंगेचे पाणी खाली नरसोबावाडीला कृष्णेला मिळेपर्यंत कितीतरी गावे वापरतात, एवढे येथे लिहून पुढे जातो.

गाळणकागद कचऱ्यात टाकू नयेत आणि, जे मी प्रत्यक्ष पाहिले आहे, ते बगॅसबरोबर (उसाच्या चिपाडाबरोबर) बॉयलरच्या भट्टीत तर मुळीच टाकू नयेत. उष्णतेने शिशाचे धूर तयार होतात आणि राहिलेले राखेत उतरते. ती राख पुढे वीटभट्टीवर किंवा शेतात जाते. कागद ओलसर असतानाच झाकणाच्या प्लास्टिक ड्रममध्ये जमा करावेत. वाळले की त्यांवरचा साका भुरभुरतो आणि पुन्हा धूळ होते. त्यावर ‘शिसेयुक्त घातक कचरा’ अशी मराठीत ठळक पट्टी लावावी, कारण ड्रम हलवणारा माणूस इंग्रजी सूचना वाचणारा असेलच असे नाही.

गाळलेला रस, नळीची पहिली विसळण आणि फ्लास्कचे पहिले धुणे वेगळ्या कॅनमध्ये घ्यावे. लेड घातलेला नमुना कोणत्याही कारणाने प्रक्रियेत परत जाता कामा नये. लेड न घातलेला उरलेला रस आणि हा रस यांसाठी वेगळ्या रंगाची भांडी ठेवणे हा साधा उपाय आहे.

काही ठिकाणी कॅनमध्ये सोडियम सल्फेट किंवा सौम्य गंधकाम्ल घालून शिसे खाली बसवतात आणि वरचे पाणी ओतून देतात. हे पुरेसे नाही. लेड सल्फेट पाण्यात लिटरला सुमारे ४० मिलिग्रॅम विरघळते, म्हणजे ते पाणी मर्यादेच्या कित्येक पट वर राहते. फॉस्फेटने किंवा कार्बोनेटने किंचित अल्कधर्मी द्रावणात शिसे बरेच अधिक पूर्ण बसते. येथे कॉस्टिक सोडा सढळ हाताने घालू नये, कारण फार अल्कधर्मी द्रावणात शिसे पुन्हा विरघळते. पोटॅशियम आयोडाइड टाकून पिवळा साका आला नाही म्हणून पाणी शुद्ध झाले, असेही समजू नये. ती कसोटी इतक्या कमी प्रमाणापर्यंत पोहोचत नाही. त्यासाठी ॲटॉमिक ॲब्सॉर्प्शनसारख्या यंत्रावरच तपासणी हवी. माझा सल्ला असा, की प्रयोगशाळेने स्वतः प्रक्रिया करण्याच्या फंदात न पडता आकारमान कमी ठेवावे आणि सगळे अधिकृत संस्थेकडे सोपवावे.

२०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार असा कचरा सर्वसाधारणपणे ९० दिवसांपेक्षा अधिक काळ साठवता येत नाही आणि पाठवताना नमुना १० मधील मॅनिफेस्ट (कचऱ्याच्या वाहतुकीचे नोंदपत्र) भरावे लागते. आपल्या भागातील असा बराच कचरा पुणे जिल्ह्यातील रांजणगावच्या घातक कचऱ्याच्या सामायिक विल्हेवाट केंद्राकडे जातो. कारखान्याला प्रदूषण नियंत्रण मंडळाने दिलेल्या संमतिपत्रात या कचऱ्याचा उल्लेख आहे का ते पर्यावरण विभागाकडून पाहून घ्यावे; नसल्यास प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कोल्हापूर कार्यालयाकडे त्याची नोंद करून घेता येते. वापरलेले तेल आणि बॅटऱ्या लिहिलेल्या असतात, प्रयोगशाळेचे शिसे बहुधा राहून गेलेले असते.

हातकणंगले_केमिस्ट

सर्वांचे मनःपूर्वक आभार. साखरेचा डबा आणि चहाचे सामान बाहेरच्या खोलीत हलवले आहे. पोलच्या वाचनाचा मुद्दा चीफ केमिस्ट साहेबांपुढे मांडला असता त्यांनी मापाची डबी करण्यास लगेच होकार दिला. आरोग्याच्या मुद्द्यावर ते इतक्या लवकर वळले नसते, असे मला प्रामाणिकपणे वाटते. रक्ततपासणीसाठी नमुना दिला आहे. एक शंका उरली आहे: टेबल, तराजू आणि पोलरीमीटरवर आजवर साचलेली पावडर कशी काढावी? आमचे मदतनीस काका रोज सकाळी कुंच्याने झाडतात.

निवृत्त_चीफ_केमिस्ट

कुंचा आजपासून बंद करावा. साबणाच्या पाण्यात भिजवून पिळलेल्या कापडाने एकाच दिशेने पुसावे, कापड घडी बदलत वापरावे आणि बादलीत पुन्हा न बुडवता ड्रममध्ये टाकावे; त्यानंतर साध्या ओल्या कापडाचा दुसरा हात द्यावा. तराजूचे पॅन काढून वेगळे धुवावे, ते पाणी कॅनमध्ये जाईल. पोलरीमीटरच्या नळीच्या खोबणीत आणि झाकणाच्या बिजागरीत पावडर अडकते, तेथे ओला कापूस लावलेली काडी वापरावी. साधा व्हॅक्यूम क्लीनर आणू नये, तो बारीक कण मागच्या बाजूने हवेत सोडतो. काकांना मुखपट्टी आणि हातमोजे द्यावेत आणि रक्ततपासणीच्या यादीत त्यांचेही नाव घालावे, कारण खोलीतील धूळ रोज त्यांनीच उडवलेली आहे.